आधी मागणी, मग छपाई : पीटर रॅबिटच्या पहिल्या प्रतींचं प्रकरण

घरच्यांनी मिळून मुलांसाठी पुस्तक काढायचं ठरवलं, की लिहिणं आणि चित्रं काढणं आनंदात पार पडतं. अडतं ते छापखान्यात. मुद्रक विचारतो, "प्रती किती काढायच्या?" आणि घरचे एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, हजार. हजारच का? कारण हजाराला दर कमी पडतो. या एका उत्तराने कितीतरी घरांचे माळे न विकलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांनी भरले आहेत, आणि दुसरं पुस्तक काढायची उमेद तिथेच संपली आहे.

पूर्वनोंदणी म्हणजे पुस्तक छापण्याआधी मागणी आणि जमल्यास पैसे घेणं. या प्रश्नाचं खरं उत्तर मिळवायची तीच एक भरवशाची वाट आहे, असं माझं ठाम मत आहे. ते तपासून बघायला मी सव्वाशे वर्षांपूर्वीचं इंग्लंडमधलं एक प्रकरण घेतो आहे. बिअट्रिक्स पॉटर या लेखिका-चित्रकाराचं 'पीटर रॅबिट' हे सशाचं पुस्तक आज सगळ्या जगाला माहीत आहे. पण ते आधी तिने स्वखर्चाने, थोड्या प्रतींत, ओळखीच्या मुलांसाठी छापलं होतं. पैसे भरून केलेली पूर्वनोंदणी तिच्या पहिल्या छपाईला नव्हती, हे आधीच सांगतो. ती आली पुढच्या टप्प्यावर, दुकानदारांकडून. हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे ते नेमकं यामुळेच. मागणी आधी कळली की पुस्तकाचं काय काय बदलतं, हे त्यात टप्प्याटप्प्याने दिसतं.

गोष्टीची सुरुवात पत्रातून झाली. 4 सप्टेंबर 1893 रोजी बिअट्रिक्स स्कॉटलंडमध्ये डंकेल्डजवळ मुक्कामाला होती. तिला शिकवायला पूर्वी घरी येणाऱ्या ॲनी कार्टर लग्नानंतर ॲनी मूर झाल्या होत्या, आणि त्यांचा मोठा मुलगा नोएल आजारी होता. त्याला काय लिहावं हे सुचेना, म्हणून तिने चार छोट्या सशांची गोष्ट लिहिली आणि ओळींच्या मधेमधे चित्रं काढली. मूर यांच्या इतर मुलांनाही ती अशीच सचित्र पत्रं पाठवायची. पुढे ॲनी यांनीच सुचवलं की यांची पुस्तकं होतील. नोएलने पत्र जपून ठेवलं होतं. बिअट्रिक्सने ते परत मागून घेतलं, गोष्ट वाढवली, चित्रं नव्याने काढली आणि प्रकाशकांना पाठवायला सुरुवात केली.

सहा प्रकाशकांनी नकार दिला. या नकारांमागे चांगल्या-वाईटापेक्षा आकाराचा आणि किमतीचा प्रश्न मोठा होता. तिला पुस्तक लहान हवं होतं, मुलाच्या हातात मावेल असं. प्रत्येक उघड्या पानावर चित्र हवं होतं आणि किंमत एक शिलिंग. प्रकाशकांना मोठं, महाग पुस्तक हवं होतं. 1900 मध्ये मूर यांच्या मुलीला लिहिलेल्या पत्रात तिने आपली बाजू फार गोड मांडली आहे. सहा शिलिंगांचं एक मोठं पुस्तक काढण्यापेक्षा एकेका शिलिंगाची दोन-तीन छोटी काढावीत, कारण छोट्या सशांना सहा शिलिंग परवडायचे नाहीत आणि ते पुस्तक घेणारच नाहीत, असं तिचं म्हणणं. गंमतीत लिहिलं असलं तरी यात वाचकाची पक्की जाण आहे. तिचा वाचक तिला नावानिशी माहीत होता. त्याचे हात केवढे, त्याच्या आईच्या पर्समधून एका पुस्तकासाठी किती निघू शकतात, हे ती जाणून होती.

शेवटी तिने स्वतःच्या साठवणीतून पैसे काढले आणि लंडनच्या स्ट्रेंजवेज या मुद्रकाकडे 250 प्रती छापून घेतल्या. तारीख 16 डिसेंबर 1901. आतली चित्रं काळ्या रेषांची, आणि सुरुवातीचं एकच चित्र रंगीत. काही प्रती तिने नातलगांना आणि स्नेह्यांना भेट दिल्या, काही विकल्या. त्या इतक्या झटपट संपल्या की फेब्रुवारी 1902 मध्ये आणखी 200 छापाव्या लागल्या. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल याने आपल्या मुलांसाठी एक प्रत घेतली होती.

250 या आकड्यावर मला जरा रेंगाळायचं आहे. हा आकडा छापखान्याच्या दरपत्रकातून आलेला दिसत नाही. आपण किती घरांना ओळखतो आणि त्यांपैकी किती घरांत मुलं आहेत, असा तो अदमास असावा. तिने रंगाचा मोह आवरला, कारण रंगीत ब्लॉकांचा, म्हणजे छपाईच्या ठशांचा, खर्च 250 प्रतींवर बसवला असता तर शिलिंगाची किंमत टिकलीच नसती. शिवाय दुसरी छपाई करताना तिला मजकुरात दुरुस्त्या करता आल्या. एकदम हजार छापणाऱ्याला ही सोय नसते. पहिल्या पानावरची ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्याला हजार घरांत जाताना बघावी लागते.

आता हाच हिशेब आजच्या छापखान्यात मांडून बघू. मुलांचं चित्रपुस्तक साधारण बत्तीस पानांचं धरतात, म्हणजे सोळा पानांचे दोन फर्मे. ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, चार रंगांच्या प्लेट, मशीन लावणं, रंग जुळवताना वाया जाणारा कागद हा सगळा खर्च पहिली चांगली प्रत निघण्याआधीच होतो, मग प्रती शंभर काढा की हजार. त्यापुढे प्रत्येक प्रतीला कागद, छपाई आणि बांधणी. हिशेब कळावा म्हणून समजा सुरुवातीचा खर्च 40,000 रुपये आणि नंतर प्रतीमागे 60 रुपये आहेत. मग शंभर प्रती काढल्या तर एक प्रत 460 रुपयांना पडते, तीनशे काढल्या तर सुमारे 193 ला, आणि हजार काढल्या तर 100 ला. हा 100 चा आकडाच घरच्यांना भुलवतो. पण प्रत्यक्षात अडीचशेच प्रती खपल्या तर? हजार छापणाऱ्याचे एक लाख गुंतले, म्हणजे विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे 400 रुपये. तीनशे छापणाऱ्याचे 58,000 गुंतले, म्हणजे 232 रुपये. ज्याने "महाग" छापलं त्याचंच पुस्तक स्वस्तात पडलं. दरपत्रक छापलेल्या प्रतीचा भाव सांगतं, विकलेल्या प्रतीचा भाव त्यात नसतो. तो फक्त पूर्वनोंदणी सांगू शकते.

नोंदणी शंभराच्या आतच अडली, तर तेही उपयोगाचं उत्तर आहे. तेव्हा ऑफसेटचा नाद सोडून डिजिटल छपाईवर पन्नास-साठ प्रती काढाव्यात. तिथे प्रतीचा दर जास्त असतो, पण सुरुवातीचा बोजा जवळजवळ नसतो. घरच्या मुलांना, शाळेतल्या मित्रांना पुस्तक मिळतं आणि कुणाचं कर्ज होत नाही.

पॉटरच्या प्रकरणातला पुढचा टप्पा फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेचा. तिचे स्नेही कॅनन हार्डविक रॉन्स्ली यांनी तिची गोष्ट पद्यात रचून वॉर्नकडे पाठवली. हे चर्चमधले धर्मगुरू, आणि इंग्लंडमधला वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. वॉर्नला पद्य पसंत पडलं नाही, तिचं मूळ गद्यच हवं होतं, पण चित्रं रंगीत हवीत ही अट होती. तिने अट मान्य केली. तेव्हा नवी असलेली हेन्टशेल या ब्लॉक बनवणाऱ्याची तीन रंगांची छपाईपद्धत वापरायचं ठरलं. किंमत आवाक्यात राहावी म्हणून चित्रं 42 वरून 32 वर आणावीत, असं वॉर्नने सुचवलं आणि तिने तेही ऐकलं. लहान आकार मात्र कायम राहिला, आणि एक शिलिंगाची किंमतही. जाड कापडी बांधणीची आवृत्ती दीड शिलिंगाला. जून 1902 मध्ये करार पक्का झाला.

घरचं पुस्तक म्हटलं की घरचे आलेच. कराराच्या सुमाराला तिने वॉर्नला लिहिलं होतं, की माझे वडील कागदपत्रं बघायला बरोबर येण्याचा आग्रह धरतील. ते बारीकसारीक गोष्टींत फार अडकतात, पण त्याचं तुम्ही मनावर घेऊ नका, पुस्तकाचं काय करायचं ते मी माझं ठरवू शकते. रूपर्ट पॉटर बॅरिस्टर होते, तेव्हा त्यांचं अडकणंही समजण्यासारखं आहे. ही बाई वयाने पस्तिशीची, पण राहायची आईवडिलांच्या घरी. तरी प्रकाशकाशी बोलताना तिच्या शब्दांत जोर आहे. तो केवळ स्वभावाचा नाही, तो त्या छापून संपलेल्या प्रतींचा आहे, असं मला वाटतं. हे पुस्तक या आकारात, या किमतीला लोक घेतात, हे ती दाखवू शकत होती. आकार मोठा करा म्हणणाऱ्याला एरवी "मला असं आवडतं" एवढंच उत्तर देता येतं. मागणी हातात असली की "लोकांना असं हवं आहे" असं म्हणता येतं. चित्रकार मावशी आणि प्रकाशक यांच्यातल्या वादात दुसरं वाक्य जिंकतं.

ऑक्टोबर 1902 मध्ये वॉर्नची पहिली आवृत्ती निघाली, 8,000 प्रतींची. ती प्रकाशनाच्या दिवसाआधीच पूर्ण विकली गेलेली होती. त्या काळच्या ग्रंथव्यवहारात प्रकाशकांची माणसं नमुन्याची पानं घेऊन दुकानोदुकानी फिरत आणि दुकानदार आधीच आपल्या प्रती नोंदवून ठेवत. म्हणजे वॉर्नने रंगाचा खर्च उचलला खरा, पण त्यातली जोखीम पुस्तक बाजारात येण्याआधीच उतरली होती. पहिली आवृत्ती संपलेली आहे हे माहीत असल्यावर पुढच्या छपाईला थांबायचं कारणच राहत नाही. 1902 संपेपर्यंत 28,000 प्रती छापून झाल्या आणि प्रकाशनाला एक वर्ष होईपर्यंत हा आकडा 56,470 वर गेला.

काळ्या रेषांच्या 250, मग 200, मग रंगीत 8,000 हा क्रम घरगुती प्रकाशनाला धडा म्हणून पुरेसा आहे. आपल्याकडे बरेचदा तो उलटा होतो. आधी जाड आर्ट पेपर, चकचकीत लॅमिनेशन, कडक पुठ्ठा, आणि वाचक कोण याचा विचार पुस्तक घरी आल्यावर.

आधी मागणी घेणं मराठी माणसाला अजिबात नवं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांच्या आणि वर्गणीदारांच्या याद्या छापलेल्या सापडतात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड काढले ते भागधारक आणि वर्गणीदार जमवूनच. प्रकाशनपूर्व सवलत योजना तर घरोघरी ठाऊक आहे. चरित्रखंड, कोश, समग्र वाङ्मय यांसाठी लोक आधी पैसे भरत आले आहेत. मुलांच्या पुस्तकासाठी, आणि एखाद्या घराने काढलेल्या पुस्तकासाठी, ही पद्धत वापरायला आपण का संकोचतो हे मला कळत नाही. बहुधा पैसे मागण्याची लाज असते. "आधी पुस्तक हातात देऊ, मग बघू" हे वाक्य ऐकायला नम्र वाटतं, पण त्याने छपाईचा सगळा भार एका घरावर पडतो आणि वाचकाला त्यात भाग घ्यायची संधीच मिळत नाही. अमुक मुलीने काढलेली चित्रं छापून यावीत म्हणून तिच्या आत्याला, शेजारच्या काकूंना, शाळेतल्या बाईंना आधी पैसे द्यायचे असतील, तर त्यांना ते देऊ द्यावेत.

नोंदणी घेताना मात्र खरी मागणी आणि प्रेम यांत फरक करावा लागतो. व्हॉट्सॲपच्या गटावर चित्र टाकलं की अंगठ्यांची रांग लागते. "माझ्या दोन प्रती ठेव गं" असं म्हणणारे निम्मे लोक पुढे विसरतात. त्यांचा दोष नाही, त्यांनी कौतुक केलं होतं, खरेदी नव्हे. म्हणून मोजायची ती फक्त यूपीआयवर पैसे जमा झालेली नावं. दुसरी गोष्ट, नातलगांची यादी एका मर्यादेला संपते. नोंदणीत जेव्हा घरात कुणाच्याच ओळखीचं नसलेलं नाव येतं, सोलापूरची एखादी आई, बेळगावचा एखादा शिक्षक, अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेतल्या एखाद्या ताई, तेव्हा पुस्तक घराबाहेर पडलं असं समजावं. अशी अनोळखी नावं वेगळी मोजावीत. पुढच्या आवृत्तीचा अदमास त्यांच्यावर बांधायचा असतो.

पैसे कधी घ्यावेत याबद्दल माझं मत जरा कडक आहे. चित्रं पूर्ण व्हायच्या आत घेऊ नयेत. मुद्रितशोधन झालेलं, छापायला तयार पुस्तक हातात असेल तेव्हाच नोंदणी उघडावी. तोवर दोन पानं दाखवून उत्सुकता वाढवायला हरकत नाही. आलेले पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळू नयेत. तारीख सांगताना छापखान्याची गर्दी ध्यानात घ्यावी. दिवाळी अंकांच्या आधीचे महिने आणि कॅलेंडर-डायऱ्यांचा हंगाम यांत लहान कामं मागे पडतात. दिवाळीत भेट द्यायचं पुस्तक असेल तर ते गणपतीच्या आधी छापून घरी आलेलं बरं. उशीर झालाच तर ज्यांनी पैसे दिले त्यांना स्वतःहून कळवावं, आणि कुणी पैसे परत मागितले तर वाद न घालता द्यावेत. सवलत द्यायची तर किंमत कमी करण्यापेक्षा टपालखर्च आपण सोसावा, किंवा मुलाचं नाव लिहून प्रत सही करून द्यावी. पुस्तकाची किंमत एकदा उतरली की नंतर वर जात नाही.

टपालाचा हिशेब तर नोंदणीच्या आधीच करायला हवा, कारण तिथे भलेभले फसतात. रजिस्टर्ड बुक पोस्टची जुनी स्वस्त सोय डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली. तिच्यावर विसंबून टपालखर्चासह किमती जाहीर करणाऱ्यांची तेव्हा चांगलीच पंचाईत झाली असणार. 1 मे 2025 पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू केली. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत जास्तीत जास्त 100 रुपये, कर वेगळा, आणि पाकीट कुठवर पोचलं हे बघताही येतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं. चित्रपुस्तकाचा कागद निवडतानाच वजन करून बघा. पाकिटासकट 300 ग्रॅमच्या आत बसणारं पुस्तक आणि 320 ग्रॅमचं पुस्तक यांत वाचकाला काही फरक कळत नाही, तुमच्या हिशेबात मात्र प्रत्येक प्रतीला कळतो. बत्तीस पानांना कागद जरा हलका घेतला की बहुतेक वेळा भागतं.

बाकीच्या कागदोपत्री गोष्टी सोप्या आहेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखकाला स्वतःच्या नावानेही मागता येतो. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण मुद्रकाच्या बिलावर तो लागतो आणि घरगुती प्रकाशकाला त्याची वजावट मिळत नाही, म्हणून दर विचारताना करासकट विचारावा.

पॉटरच्या प्रकरणात एक नुकसानही आहे आणि ते घरगुती प्रकाशकांनी जरूर वाचावं. अमेरिकेतले हक्क वॉर्नने नोंदवले नाहीत. मागणी वाढल्याबरोबर तिकडे विनापरवाना आवृत्त्या निघाल्या, फिलाडेल्फियाच्या एका प्रकाशकाची 1904 मध्येच आली. त्यांतून तिला एक पैसाही मिळाला नाही. त्याआधी, डिसेंबर 1903 मध्ये, तिने सशाच्या बाहुलीचं पेटंट मात्र स्वतः घेतलं होतं. मागणी सिद्ध झाली की नक्कल करणारेही येतातच. आज भारतात कॉपीराइट निर्मितीबरोबर आपोआप मिळतो, तरी घरातल्या घरात एक गोष्ट कागदावर आणलेली बरी : गोष्ट आजीची, चित्रं मावशीची, पैसे बाबांचे, तर उद्या दुसऱ्या भाषेत अनुवाद झाला की हक्क कुणाचा? नोंदणी उघडण्याआधी, सगळे आनंदात असताना, हे बोलणं पाच मिनिटांत होतं. पुस्तक गाजल्यावर त्यालाच पाच वर्षं लागू शकतात.

आणि शेवटी तिचं दुसरं पुस्तक. वॉर्नचं सशाचं पुस्तक ऑक्टोबर 1902 मध्ये आलं आणि दोनच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, ग्लॉस्टरच्या शिंप्याची गोष्ट तिने पुन्हा स्वखर्चाने छापली. ही गोष्टही मूळ मूर यांच्याच एका मुलीला नाताळची भेट म्हणून लिहिलेली. प्रकाशक मिळालेला असताना, आठ हजार प्रती हातोहात गेलेल्या असताना, तिने पुन्हा स्वतः का छापलं? गोष्टीत तिने बरीच जुनी बालगीतं घातली होती आणि प्रकाशक ती कापायला सांगेल अशी तिला धास्ती होती. आधी आपल्याला हवं तसं पुस्तक आपल्या वाचकांच्या हातात द्यावं, मग प्रकाशकाशी बोलावं, हा तिचा हिशेब. या वेळी प्रती काढल्या 500, पहिल्या खेपेच्या दुप्पट. वर्षभराने वॉर्नची आवृत्ती आली, आणि त्यात कापाकाप झालीच. पण ज्यांना सगळी गाणी हवी होती त्यांच्याकडे ती आधीच पोचली होती.